अकरा पूर्णांक दोन

मशीनमधून कागद सरकला
तेव्हा त्यावर नाव माझंच होतं,
तरी सवयीनं खूण करून
मी पुढची नळी उचलली.
हजिऱ्याच्या आमच्या लॅबमध्ये
रोज तीस-चाळीस जणींचं रक्त या हातांखालून जातं.
शेवटच्या रकान्यात छापलेलं असतं, किती असायला हवं.
अकरा पूर्णांक दोन.
ठळक अक्षरात, पुढे एक चांदणी.
सातवा महिना.

खोकला त्याच्याही आधीचा.
संक्रांतीच्या आठवड्यात लष्करवर धुकं उतरलं
आणि परत जायचं विसरलं.
दिल्लीच्या गाड्या सहा-सहा तास उशिरा,
गजकवाल्याच्या गाडीवरचा बल्ब भर दुपारी पेटलेला,
किल्ला तर नाहीच,
जणू कुणी रातोरात उचलून मुरैन्याला नेला.

रात्री दोनला छातीत कुणीतरी
रिकामं घंगाळ राखेनं घासायला घेतं.
मी एका हातानं तोंड दाबते, एका हातानं पोट.
उबळ ओसरली की आत अगदी सामसूम,
वरच्या मजल्यावरचं भांडण ऐकून
भाडेकरूनं श्वास रोखावा तशी.
मी मोजते. सात, आठ, नऊ.
मग बरगडीखाली एक टाच.
झोप आता, म्हणते मी. कुणाला म्हणते कोण जाणे.

श्रीरंग उठतो, ओवा टाकून पाणी उकळतो.
टॉवेल डोक्यावर ओढून घेतला
की तेवढं एक धुकं माझ्या मालकीचं.

कुशवाह डॉक्टरीणबाई खरं बोलतात
म्हणून त्यांच्याकडे जाते.
पाठीवर गार नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या.
म्हणाल्या, आकडा कमी म्हणून खोकला,
असं मी लिहून देणार नाही.
संबंध असेलही. नसेलही.
पण कमी आहे ते भरू या, आणि छाती परवा पुन्हा ऐकू.
ताप चढला किंवा धाप लागली तर परवाची वाट बघायची नाही.
आठवड्याला एक पुडी, दुधातून. साठ हजार युनिट.
मला हसू आलं.
महिन्याला तेरा हजार मिळवणारीला
एकदम साठ हजार!
हसताना पुन्हा खोकला.
आणि ऊन घ्या, त्या म्हणाल्या.

आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर.
ऊन तिसऱ्या मजल्यावर, तोमर भाभींच्या गच्चीत.
टाकीचं पाणी माझ्या वाळत्या कपड्यांवर सांडलं
त्याला दिवाळी होऊन गेली,
तेव्हापासून आम्ही दोघी
जिन्यात एकमेकींच्या चपला बघतो.
वीस दिवसांनी, साडेअकराला,
खिडकीसमोरच्या भिंतीचा वरचा हात-दीड हात
पिवळा झाला.
मी जिना चढले. दर सहा पायऱ्यांना थांबत.
तिळगूळ नव्हता हातात. रिपोर्ट होता.
का नेला, सांगता येणार नाही.
दार उघडून त्यांनी आधी माझं पोट पाहिलं,
मग कागद उलटा धरला.
गच्चीवर जरा बसू का, मी विचारलं.
‘धूप किसी के बाप की है क्या,’ त्या करवादल्या
आणि किल्ली शोधायला आत गेल्या.

बाजेवर उडदाच्या वड्या घातलेल्या.
त्यांनी अर्ध्या बाजेच्या गोळा केल्या.
उरलेल्या अर्ध्यावर मी,
बाह्या कोपरापर्यंत, साडी पोटऱ्यांपर्यंत,
शेजारच्या गच्चीवरच्या पोराकडे पाठ करून.
माझ्याच नडग्या मला अनोळखी वाटल्या,
कणकेसारख्या पांढऱ्या.
किती वाढेल यानं? अर्धा? पाव?
रोज दुसऱ्यांचे आकडे वाचणारी मी,
मला माहीत नाही.
समोर धुक्यातून किल्ल्याची नुसती तटबंदी
खाली काही आधार नसल्यासारखी तरंगत होती.

तेवढ्यात उबळ आली, जोराची.
भाभींनी धावत येऊन
आधी वड्यांवर फडकं टाकलं,
मग माझी पाठ चोळली.

आत सामसूम.
ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं.
सात, आठ.